एका वर्गातली अनोळखी मुलं

कोरेगावच्या एसटी स्टँडवर संध्याकाळी शाळा सुटल्याची गर्दी असते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका संध्याकाळी मी साताऱ्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. शेजारच्या सिमेंटच्या बाकड्यावर दहावीतली वाटावी अशी एक मुलगी मांडीवर दप्तर घेऊन बसली होती. तेवढ्यात त्याच शाळेच्या गणवेशातला एक मुलगा पावसातून पळत आला. केसांतून पाणी गळत होतं, धाप लागलेली. शर्टाच्या आत छातीशी धरलेलं जर्नल त्यानं बाहेर काढलं. खाकी कव्हर, वर लेबल. स्वतः चिंब भिजला होता, पण जर्नलवर थेंब पडू दिला नव्हता. मुलीनं ओळखलं आणि हात पुढे केला. तो दोन हातांवर थांबला, तिच्या पुढे आलेल्या हाताकडे बघितलं, आणि जर्नल बाकड्यावर, तिच्यापासून जरा लांबच ठेवलं. "हे राहिलं होतं," असं बाकड्याकडेच बघून म्हणाला आणि वळला. रसवंतीच्या बंद गाड्यापाशी उभ्या असलेल्या त्याच्या मित्रांनी मोठ्यानं आवाज काढला. मुलीनं जर्नल उचलून दप्तरात कोंबलं आणि तिची गाडी लागेपर्यंत मान वर केली नाही.

तो मुलगा उद्धट नव्हता, हेच मला पुढे कित्येक दिवस सतावत राहिलं. उद्धट असता तर विषय तिथंच संपला असता. जर्नल वर्गात राहिलंय हे त्याच्या लक्षात आलं होतं, उद्या ते तपासायचं असेल हे त्याला कळलं होतं, ती कुठली गाडी धरते हे माहीत होतं. एवढी माणुसकी घेऊन तो पावसातून पळत आला आणि शेवटच्या दोन हातांवर अडला. पाचवीपासून एका वर्गात असतील तर पाच वर्षं दोघांनी एकच फळा बघितला असणार, एकच प्रार्थना म्हटली असणार. तरी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात वही जाऊ शकत नव्हती.

त्याच सुमारास नणंदेचा फोन आला होता. तिची मुलगी आठवीत जाणार होती. "वहिनी, हिला आता कन्याशाळेत घालू का? मिश्र शाळेत जिवाला घोर. वय कसलं असतं, तुम्हाला माहितीय." मी तिला म्हटलं, नको, आहे तिथंच राहू दे. ती म्हणाली, "का पण? फायदा काय?" आणि मला त्या स्टँडवरच्या दोघांची आठवण झाली. तीही मिश्र शाळाच होती. तिच्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं तर मला आधी हे मान्य करायला हवं होतं की आपल्याकडच्या बऱ्याच मिश्र शाळा नावापुरत्या मिश्र आहेत.

मुलगा-मुलगी एका छताखाली बसले म्हणजे एकत्र शिकले, असं होत नाही.

आमच्या शाळेत दारातून आत शिरलं की डावीकडे मुली, उजवीकडे मुलं, आणि मध्ये बाईंना चालण्यापुरती वाट. ती वाट ओलांडायची नाही, असा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण तो सगळ्यांना पाठ होता. खडू, डस्टर, तपासलेल्या वह्या, सगळं बाईंच्या टेबलावरून फिरून जायचं. हजेरीपटात आधी सगळी मुलं, मग मुलींचा वेगळा क्रम, प्रत्येकीच्या नावामागे 'कु.'. डब्याच्या सुट्टीत मुलं पटांगणात कडुनिंबाखाली आणि मुली वर्गात, खिडक्यांच्या कट्ट्यावर. पटांगण मुलांचं, हेही कुणी ठरवलेलं नव्हतं. आम्हाला ते मिळायचं 26 जानेवारीच्या लेझमीला आणि खो-खोच्या तालुका स्पर्धा जवळ आल्या की. एरवी आम्ही ते खिडकीतूनच बघायचो.

आणि एक शिक्षा होती. गृहपाठ न केलेल्या मुलाला छडीपेक्षा जास्त झोंबणारी. "जा, मुलींच्यात बस." सगळा वर्ग हसायचा, मुलीसुद्धा. माझ्या बाकाचं टोक रिकामं असल्यामुळे ती शिक्षा बरेचदा माझ्याच शेजारी येऊन बसायची. तो मुलगा बाकाच्या अगदी कडेला टेकायचा, अर्धा बाहेर, कान लाल झालेले, दप्तर आमच्या दोघांच्या मधोमध उभं केलेलं. बाईंना त्यात काही वाईट वाटत नसणार. मारापेक्षा बरं, असाच त्यांचा विचार असेल. पण बारा-तेरा वर्षांच्या मला त्यातून एक गोष्ट अगदी स्पष्ट समजत होती, की माझ्या शेजारी बसणं हा अपमान आहे. मी काही केलेलं नव्हतं. माझा गृहपाठ पूर्ण होता. तरी त्या तासाला मी दुसऱ्या कुणाची तरी शिक्षा होते. इतिहासाच्या सनावळ्या मी विसरले. हे विसरले नाही. आणि त्या मुलाच्या मनात काय बसलं असेल? त्यांच्यातले काहीजण आज मुलींचे बाप आहेत.

राखीपौर्णिमेची गोष्ट तर महाराष्ट्रातल्या अर्ध्या शाळांची असेल. आदल्या दिवशी मुलींना राख्या आणायला सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी वर्गातली बरीच मुलं पोटदुखीनं गैरहजर. हेतू चांगलाच होता, मुलांनी मुलींकडे चांगल्या नजरेनं बघावं. पण त्यातून मुलामुलींच्या मध्ये दोनच नाती उरली. एक तर भाऊ, नाहीतर ज्याच्या नावानं चिडवतात तो. भूमितीतलं प्रमेय अडलं तर विचारावं, लायब्ररीतलं पुस्तक आधी कुणी वाचायचं यावरून भांडावं, कबड्डीत पाय ओढला तर शिव्या द्याव्यात, एवढीशी साधी ओळख या दोन्हींत कुठंच बसत नव्हती. आणि मोठेपणी माणसांना जन्मभर लागते ती हीच ओळख.

नववीत विज्ञानाला नवे सर आले. किडकिडीत, हळू बोलणारे, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. पहिल्या प्रात्यक्षिकाला त्यांनी आम्हाला जन्मतारखेप्रमाणे उभं केलं आणि चार-चार जणांचे गट पाडले. माझ्या गटात दोन मुली, दोन मुलं. पहिले काही तास सगळं ठरल्यासारखं झालं. मुलं स्टँड मांडायची, स्टॉपवॉच धरायची. "तुमचं अक्षर चांगलं" म्हणून नोंदी मुलींकडे. तास संपला की परीक्षानळ्या आणि चंचुपात्रं आम्हीच धुवायचो, न सांगता. पोटॅशियम परमँगनेटचे तपकिरी डाग बोटांवर आठवडाभर राहायचे आणि ते फक्त मुलींच्या बोटांवर असायचे. सरांनी ते बघितलं. भाषण वगैरे काही दिलं नाही. फळ्यावर चार शब्द लिहिले, मांडणी, मोजणी, नोंद, धुणं, आणि म्हणाले, दर तासाला कामं फिरतील.

लंबकाचा प्रयोग होता त्या दिवशी मोजणी गटातल्या एका मुलाकडे आणि नोंद माझ्याकडे होती. दोऱ्याला टांगलेला गोळा सोडायचा, वीस आंदोलनं मोजायची आणि स्टॉपवॉच थांबवायचं. तीन वेळा केलं तर तिन्ही वेळा आकडे वेगळे. मी गोळ्याकडे बघत होते आणि मला दिसत होतं की तो कधी अठराव्याला, कधी एकोणिसाव्यालाच बटण दाबतोय. सांगावं की नको? आजूबाजूला सगळा वर्ग. शेवटी मी म्हटलं, "तू आधी दाबतोयस." मला वाटलं आता हशा होणार, किंवा तो काहीतरी टाकून बोलणार. त्यानं भुवया आकसून गोळ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "असंल. परत करू."

परत केलं. या खेपेला आकडे जुळले.

नणंदेला द्यायचं उत्तर म्हणून माझ्याकडे याहून मोठं काही नाही. एका मुलीनं 'चुकतंय' म्हटलं आणि एका मुलानं 'परत करू' म्हटलं, आणि दोघांच्या इज्जतीला काही झालं नाही. मी आज ज्या ऑफिसात काम करते तिथं चाळिशी ओलांडलेल्या, हुशार, सज्जन पुरुषांना हे दोन शब्द जड जातात हे मी रोज बघते. बाईनं हिशेबातली चूक दाखवली की चेहरा बदलतो. काहीजण ऐकून घेतात, पण मग तेच वाक्य एखाद्या पुरुष सहकाऱ्याच्या तोंडून आल्यावर मान्य करतात. आमच्याकडे नुकताच लागलेला एक मुलगा मुलांच्या शाळेतून थेट मुलांच्या वसतिगृहात आणि तिथून नोकरीत आलेला आहे. कामाला चोख. पण शेजारच्या टेबलावरच्या बाईंना काही विचारायचं असलं तरी तो व्हॉट्सअ‍ॅप करतो. त्याच्या मनात वाईट काही नाही, सवयच नाही. पंधराव्या वर्षी जे आपसूक जमलं असतं ते पंचविसाव्या वर्षी, नोकरीच्या ताणात, लग्नाच्या तोंडावर शिकायचं म्हणजे केवढं अवघड, याचं मला वाईट वाटतं. त्याच्याबद्दल वाटतं, आणि त्याच्याशी लग्न होऊन येणाऱ्या मुलीबद्दलही.

पण हे लिहिताना आईचा चेहरा समोर येतो. आई कन्याशाळेत शिकली आणि त्या शाळेबद्दल बोलताना ती अजूनही ताठ बसते. आजोबांनी तिला मिश्र शाळेत कधीच पाठवलं नसतं. कन्याशाळा नसती तर तिचं शिक्षण चौथीत थांबलं असतं. तिथं वर्गप्रमुख मुलगी, कबड्डीची कप्तान मुलगी, घंटा वाजवणारी मुलगी, आणि गॅदरिंगच्या नाटकात शिवाजी महाराजसुद्धा मुलगीच. "आम्हाला मागं बस म्हणणारं कुणी नव्हतंच," ती म्हणते. माझ्या शाळेत वर्गप्रमुख कायम मुलगा होता; मुलीला मिळायचं ते उपप्रमुखपद. आईकडे असलेला तो मोकळा आवाज मला कमवायला कॉलेज उजाडलं.

म्हणून मुलींच्या शाळांबद्दल कुणी हलक्यानं बोललं की मला राग येतो. 1848 साली पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, 1884 मध्ये हुजूरपागा सुरू झाली, 1916 मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ उभं केलं, ते त्या काळात दुसरा रस्ताच नव्हता म्हणून. मुलांच्या संस्थेत एकटी मुलगी गेली तर काय व्हायचं याची साक्ष पुढे वकील झालेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी देऊन ठेवली आहे. 1880 च्या दशकात डेक्कन कॉलेजात त्या एकट्या मुलगी होत्या आणि त्यांच्या तोंडावर वर्गाची दारं लावून घ्यायला मुलांना काही वाटत नसे. तरीही त्या पहिल्या वर्गात पास झाल्या. दार लावून घेणारी ती मुलं काही जन्मतः दुष्ट नसणार. बरोबरीनं शिकणारी मुलगी त्यांनी त्याआधी बघितलीच नव्हती.

शिवाय गावाकडचा हिशेब वेगळा आहे आणि शहरातल्या चर्चेत तो कुणी धरत नाही. माझ्या गावात आठवीच्या वर्गात चाळीसेक मुलं. तिथं दोन शाळा कशा चालणार? मुलींसाठी वेगळी शाळा हवीच असा हट्ट धरला असता तर ती तालुक्याला झाली असती आणि गावातल्या निम्म्या मुली सातवीनंतर घरी बसल्या असत्या. 1919 साली कराड तालुक्यातल्या काल्यात भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे गावोगाव हायस्कुलं निघाली. घरापासून चालत जाता येईल अशी शाळा खेड्यातल्या मुलीला मिळाली ती मुख्यतः अशा एकत्र शाळांमुळे. त्यानंतर मुलींचं बारावीपर्यंतचं शिक्षण मोफत झालं, अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा एसटीचा मोफत पास आला. स्टँडवरची ती मुलगीसुद्धा बहुधा त्याच पासावर घरी जात असेल. त्यामुळे एकत्र शाळा हवी की नको हा प्रश्न आपल्या बहुतेक मुलींसाठी कधीच निकालात निघाला आहे. तिथं आत गेल्यावर काय होतं, हा खरा प्रश्न.

गुणांचं म्हणाल तर मी त्यावर फार भर देणार नाही. 2014 साली 21 देशांतल्या 184 अभ्यासांची, म्हणजे सुमारे 16 लाख विद्यार्थ्यांची, एकत्र छाननी झाली आणि नीट तुलना केलेल्या अभ्यासांत मुलामुलींच्या वेगळ्या शाळांचा म्हणण्यासारखा फायदा दिसला नाही. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये मुलांना शाळा चिठ्ठी टाकून मिळायची, तिथल्या एका अभ्यासात मात्र वेगळ्या शाळांतल्या मुलामुलींचे गुण सरस निघाले. उलट इस्रायलमध्ये असं दिसलं की वर्गात मुलींचं प्रमाण वाढलं की मुलांचे आणि मुलींचे, दोघांचेही गुण सुधारतात, कारण वर्गातला दंगा कमी होतो. गुणांसाठी कुणी शाळा निवडत असेल तर दोन्हीकडे चांगले शिक्षक शोधावेत. मला महत्त्वाचा वाटतो तो हरियाणातला प्रयोग. 314 सरकारी शाळा निवडून त्यांतल्या साधारण निम्म्यांत अडीच वर्षं मुलामुलींशी वर्गातच घरकाम, शिक्षण, नोकरी यांवर नेमानं चर्चा केली. मुलांची मतं बदलली, आणि आपण घरात आधीपेक्षा जास्त काम करतो असं मुलं सांगू लागली. नुसतं एकत्र बसवून हे झालं नाही. मोठ्यांनी वेळ काढला, विषय काढला, म्हणून झालं.

केरळच्या बालहक्क आयोगानं 2022 मध्ये राज्यातल्या सगळ्या वेगळ्या शाळा एकत्र करण्याचा आदेश दिला तेव्हा मला आनंद झाला होता, आणि लगेच वाटलंही, की पाट्या बदलतील, पण बाकांचं काय?

बाकांचं काय करता येतं ते मी एका खेड्यातल्या शाळेत बघितलं. पाबळच्या विज्ञान आश्रमानं, म्हणजे डॉ. कलबागांनी 1983 साली सुरू केलेल्या संस्थेनं, आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय तयार केला. आठवड्यातला एक दिवस मुलं हातानं काम करतात. वेल्डिंग-सुतारकाम, वीज, शेती आणि घर-आरोग्य असे विभाग, आणि मुलगा असो की मुलगी, चारही विभाग सगळ्यांना. मी गेले तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये एक मुलगी ओढणी कमरेला घट्ट बांधून वेल्डिंग करत होती. एका हातात होल्डर, दुसऱ्या हातानं काळ्या काचेची ढाल चेहऱ्यावर धरलेली. चर्रर्र आवाज, निळा उजेड, जळक्या लोखंडाचा वास. सांधा झाल्यावर तिनं ढाल खाली घेतली, हातोडीनं ठोकून वरचा काळा पापुद्रा पाडला, वाकून बघितलं आणि म्हणाली, "इथं भरलं नाही." शेजारच्या मुलानं काही न बोलता नवा रॉड तिच्या हातात दिला. हातात. पलीकडच्या खोलीत शेंगदाण्याची चिक्की चालली होती. दोन मुलं गुळाचा पाक ढवळत होती. एकानं वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी वळून बघितली आणि ओरडला, "झाला, झाला, उतरव!" तेल लावलेल्या पोळपाटावर गरम सारण पडलं आणि दोघंजण आळीपाळीनं भराभर लाटायला लागले. तिथं एक बारीकशी मुलगी चिक्कीच्या खर्चाचा हिशेब लिहीत होती, गूळ एवढा, गॅस एवढा. मी त्या मुलांना विचारलं, घरी करता का हे? एकजण म्हणाला, "चिक्की करतो. भाकरी अजून जमंना." कुणी हसलं नाही. भाकरी जमत नाही ही त्याला अडचण वाटत होती, आणि ती सुटण्यासारखी होती.

एकत्र शिक्षणाचा फायदा काय, असं कुणी विचारलं की मी त्या शेडचं नाव सांगते. त्या मुलाला मुलगी म्हणजे काय हे कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याला ही अमुक मुलगी माहीत होती, जिचा सांधा पक्का असतो आणि जी घाईत असली की रॉड लवकर संपवते. तिलाही मुलगे म्हणजे काय याची भीती नव्हती. पाकाची पारख असलेला एक आणि कामचुकार एक, असे दोन वेगळे मुलगे तिला माहीत होते. चिडवाचिडवी तिथंही असेलच, कुणाला कुणी आवडतही असेल. त्या वयात ते व्हायचंच, आणि कन्याशाळेच्या भिंतीनं ते थांबतं असं मी तरी बघितलेलं नाही. फरक एवढाच, की ज्याच्याबरोबर काम केलंय त्याला नाही म्हणणं सोपं जातं, आणि तिचं नाही ऐकणंही.

आता माझा मुलगा आठवीत आहे. परवा त्याच्या शाळेत पालक-शिक्षक संघाची सभा होती, तिथं मी विषय मांडला. प्रयोगशाळेतले गट मिश्र असावेत आणि कामं फिरावीत, वर्गप्रमुख एक सत्र मुलगा तर एक सत्र मुलगी असावी, आणि 'मुलींच्यात बस' ही शिक्षा बंद व्हावी. शेवटची गोष्ट मुख्याध्यापकांनी लगेच मान्य केली. गटांचं ऐकून मागून एक गृहस्थ म्हणाले, "ताई, सगळं खरं, पण उद्या काही झालं तर?" मी विचारलं, काय झालं तर? त्यांनी नीट सांगितलं नाही, पण त्यांची काळजी खोटी नव्हती. त्यांची मुलगी नववीत आहे. मग एक आई उठल्या. शेतातून थेट आल्या होत्या, पायाला चिखल. "गट करा नायतर काय बी करा," त्या म्हणाल्या, "माझी पोरगी दिवसभर पाणी पीत न्हाई. संडासाला कडी न्हाई. पोरांच्या वर्गात बसायला ती भीत न्हाई, तिकडं जायला भिती."

सभेत बराच वेळ त्यावरच बोलणं झालं आणि ते योग्यच झालं. मुली एकत्र शिकायच्या तर त्यांना बंद होणारं दार आणि नळाला पाणी आधी हवं. ते नसताना मी बाकांच्या रांगांबद्दल कितीही बोलले तरी ती मुलगी तहानलेलीच बसणार. त्या आईंनी आणि मी मिळून मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज दिलाय. दोन दारांना आतून कड्या, टाकीपासून नळ, आणि किल्ली ऑफिसात न ठेवता दार दिवसभर उघडं. मिश्र गट दिवाळीनंतर आठवीपासून सुरू करतो असं विज्ञानाच्या बाईंनी सांगितलंय. कड्यांसाठी त्या काळजीवाल्या गृहस्थांनीच सुतार सांगितला आहे. तो या रविवारी माप घ्यायला येणार आहे.